आठचा बोल्ट, तेराचा पाना

१९९१ साल. फिटरने आठच्या बोल्टाला आठचाच पाना लावला आणि बायकोने त्याचा हात धरला.

"अहो, आठ हा आट्याचा नंबर. पाना कशावर बसतो, आट्यावर की डोक्यावर?"

"डोक्यावर," तो म्हणाला.

"मग?"

त्याने बोल्ट बोटांत फिरवला, मांडलेल्या पान्यांवरून हात नेला आणि चौदाचा उचलला. तिने तो काढून घेतला.

"तेराचा. आठला तेरा, दहाला सतरा. सैल पाना लावलात तर कोपरे झिजतील, मग बसा छिन्नी घेऊन."

"राहतंय कुठे डोक्यात," तो म्हणाला.

कारखान्यात हत्यारांच्या खोलीची खिडकी तिची असे. कुणी नुसता बोल्ट दाखवला, की ती न मोजता पाना पुढे सरकवायची. हा फिटरही तिथलाच. लग्नाआधी सारखा चुकीचा पाना मागून न्यायचा आणि बदलायला परत यायचा. "याला काम कमी आणि फेऱ्या फार," असं बाकीच्या बाया म्हणायच्या.

आता दोघंही घरी. घरात विसरणं वाढलं, तेव्हा डॉक्टर दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाले होते, "हातातलं जुनं काम रोज करत राहा. चूक सुधारता येतेय तोवर फार काळजी नाही." लेकीने ते पक्कं धरून ठेवलं. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी या घराला कुलूप लावायचं आणि दोघांनी तिच्याकडे जायचं, नवव्या मजल्यावर.

बायकोला जायचं नव्हतं. इथली एकेक कडी तिने उभं राहून बसवून घेतली होती.

म्हणून रोज चहा झाला, की ती वर्तमानपत्र पसरून बोल्ट मांडायची. नवऱ्याला अलीकडे भलत्याच सवयी लागल्या होत्या. घरभर तिच्या मागेमागे फिरायचा. ती स्वयंपाकघरातून निघाली, की आत जाऊन गॅसचं बटण चाचपायचा. दाराची किल्ली सदऱ्याच्या खिशात ठेवायचा, तिच्याही हाती द्यायचा नाही.

"किल्ली खाणार आहे का मी?" ती वैतागायची.

"तुझा काय भरवसा," तो हसायचा.

ती झोपेतही कूस बदलत राहायची. तेरा, सतरा, एकोणीस.

रविवारी लेक आली. चपला काढता काढता तिने बापाला विचारलं, "काय म्हणतोय सराव?"

"छान चाललाय," आईच मध्ये बोलली. "अजून चुकतात, पण सांगितलं की कळतं त्यांना. एवढ्यासाठी कुणी घर सोडत नाही."

"बघू या की," लेक म्हणाली.

वर्तमानपत्र पसरलं. आईने पदराला हात पुसले, परत पुसले. फिटरने आठचा बोल्ट उचलला, आठचाच पाना घेतला आणि बायकोकडे बघत थांबला.

लेकीने खुर्ची जराशी पुढे ओढली.

"बरोबर," बायको म्हणाली. "आठला आठ." मग लेकीकडे वळून, "बघ, जमलं की नाही त्यांना?"

"बसत नाहीये गं," फिटर हळूच म्हणाला. "नीट बघ बरं एकदा."

"काय बघायचंय त्यात? जोर लावा."

त्याने जोर लावल्यासारखं केलं. लेक खिडकीबाहेर बघत होती.

"तुझं बरोबर आहे," तो म्हणाला. "बोल्टच बिघडलाय."

त्याच महिन्यात घराला कुलूप लागलं. पुढे तिथे एक शिंपी भाड्याने राहायला आला आणि त्याने साऱ्या कड्या बदलल्या. लेकीने आपल्या घरातली मधली भिंत पाडून आईबापांची खोली मोठी करून घेतली. आई नवव्या मजल्यावरच्या खिडकीशी बसायची आणि खाली कुणाचा कारखाना आहे म्हणून विचारायची. तिथेच ती गेली. फिटर तिच्यामागे बरीच वर्षं जगला. इमारतीचा पंप, जिन्याचे कठडे, पोरांच्या सायकली, सगळं त्याच्याकडे यायचं. बोल्टाकडे नुसतं बघून तो पाना उचलायचा आणि तो कधी चुकला नाही. ती होती तोवर मात्र रोज चहा झाला, की तो तिच्यासमोर वर्तमानपत्र पसरायचा आणि आठच्या बोल्टाला आठचा पाना धरून तिच्या तोंडाकडे बघत बसायचा.