आईचा वाटा

उजेड आधी टेकडीवरच्या सुरूंच्या शेंड्यांवर आला. मग द्राक्षवेलींच्या ओळींवरून, कसलीच घाई नसल्यासारखा उतरत खिडकीच्या फटीतून आत शिरला, फरशी ओलांडून आईच्या पांघरुणावर चढला आणि तिथेच थबकला. आई उठली नाही. आर्दुइनोने कॉफीचा पेला तिच्या उशाशी ठेवला, पांघरूण सारखे केले. शेजारची झेलिंदा पहाटे येऊन काहीबाही बोलून गेली होती. त्याने तिकडे लक्ष दिले नव्हते. दार हळूच लोटून तो माळ्यावर गेला.

उन्हाने तापणाऱ्या त्या माळ्यावर विन सांतो या गोड मद्याची पिंपे होती. मद्याला ते नाव लावायचे तर तीन वर्षे शिक्का फोडायचा नाही, असा नियम. मुदत आज संपत होती. पिंपांच्या तळाशी विरजणासारखा जुना, दाट गाळ असे, पणजोबांपासून चालत आलेला. त्याला या मुलखात ‘आई’ म्हणतात. तिच्यावाचून ते मद्य होत नाही. वडील गेल्यापासून धाकटा नेल्लो तिच्यात अर्धा वाटा मागत होता.

जिना करकरला तेव्हा ऊन बरेच वर आले होते. नेल्लो धापा टाकत उभा होता.

“झेलिंदामावशीचा फोन आला. म्हणाली, दादा कुणाचं ऐकतच नाही.”

“तिनं आपल्या कोंबड्या सांभाळाव्यात! मुदत संपल्याचा वास बरा लागला तुला.”

“दादा, आईला आता न्यायला हवं.”

“हात तर लावून बघ.”

“ऊन चढतंय रे. तिला असं ठेवता येत नाही.”

“उन्हानंच ती टिकते. फ्लॉरेन्सला जाऊन एवढंही विसरलास, शहाण्या?”

“खुळा झालास का? चल खाली,” म्हणत नेल्लोने पिंपावरून हात पुढे केला.

आर्दुइनोच्या हातचा लाकडी हातोडा आधी धाकट्याच्या खांद्यावर बसला, मग कानशिलावर. नेल्लो कोसळला. तिसरा घाव चुकून पिंपावर पडला आणि फळ्या उकलल्या. रक्तात तपकिरी गाळ मिसळत चालला. आर्दुइनो गुडघे टेकून तो ओंजळीने गोळा करू लागला.

“मारलीस तिला! तू मारलीस!”

“ही नव्हे रे, दादा...” नेल्लोचे ओठ कसेबसे हलले. “आपली आई.”

आर्दुइनोचे हात थांबले. पांघरूण सारखे करताना बोटांना लागलेला गारठा अजून गेला नव्हता.

आई रात्रीच वारली होती.