चौदावा महिना

"इथली मुलं इतर गावांपेक्षा महिनाभर उशिरा चालतात," मृण्मयीनं आपल्या प्रबंधातलं वाक्य अंगणवाडीत जमलेल्या आयांना वाचून दाखवलं. अभ्यास सगळ्यांसाठी नेटवर टाकण्याआधी तो त्यांना दाखवायचा, हा तिचाच नियम.

"तरी म्हणत होते, पोराला तेल चोळत जा," चंद्रकलाची सासू सगळ्यांदेखत म्हणाली.

चंद्रकलानं मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हणाले, चालला तेव्हा त्याला चौदावा लागला होता. तेराच भरले होते."

मृण्मयीनं नोंदी चाळल्या. इथं सगळ्याच आया चालू महिना सांगतात, आणि तिनं तो भरलेला धरला होता. साठच्या साठ मुलांचा. तिचा अख्खा प्रबंध त्या एका महिन्यावर उभा होता.

"गुपचूप खोडा. कोणाला कळतंय?" अंगणवाडीच्या बाई कुजबुजल्या.

"नको. चुकीच्या नोंदीही नेटवर जाऊ देत, आणि त्या का चुकल्या तेही." मृण्मयी उभी राहिली. "चूक माझी आहे. तुमची मुलं वेळेवरच चालली."

चंद्रकला सासूशेजारी सरकून बसली. "परत सांगा ना ताई, जरा मोठ्यानं. आमच्या आत्याबाईंना कमी ऐकू येतं."