चौथी कड

मागच्या डाव्या मडगार्डाची कड मिस्त्रीने मुद्दाम तशीच सोडली.

बाकीच्या तीन कडांवर त्याने जीव ओतला होता. गाडीला मूळच्यापेक्षा रुंद चाकं बसवायची, तर मडगार्डाच्या आत वळलेली बोटभर पत्र्याची कड वर दाबून सपाट करावी लागते. चाक काढायचं, त्या जागी रोलर लावायचा, रंग तडकू नये म्हणून पत्रा गरम हवेने तापवायचा आणि सावकाश दाबत जायचं. घाई केली की रंग गेलाच म्हणून समजा. आणि कड तशीच राहिली, तर मागे माणसं बसून गाडी आदळल्यावर ती थेट टायरला चिरते. हे मिस्त्रीला कुणी सांगायला नको होतं. तीस वर्षं त्याने दुसरं केलंय काय?

पण गाडी मेव्हण्याची होती. बायकोचा धाकटा भाऊ, मोठ्या कंपनीत नोकरी, शर्टाची इस्त्री कधी मोडायची नाही. खिशात हात घालून उभा राहिला आणि शेजारच्या शिंप्यासमोर म्हणाला, "भावोजी, जपून हं. रंग तडकला तर मला नाक्यावरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जावं लागेल." वर हसला.

मिस्त्रीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते चकचकीत सेंटर उघडल्यापासून त्याच्या दारात गाडी वळेनाशी झाली होती, आणि या शहाण्याला नेमकं तेच नाव सुचावं! चार शब्द सुनावावेत असं ओठांवर आलं होतं, पण पडला बायकोचा भाऊ. राग गिळला, तो हातात उतरला. होऊ दे जरा घासघूस, येईल शेपूट घालून परत. एकटा जीव, मागे बसणार कोण?

एरवी मागे तीन माणसं बसवून, गल्लीच्या टोकाच्या गतिरोधकावरून दोन फेऱ्या मारल्याशिवाय मिस्त्री कुणाची गाडी सोडत नसे. माणसं ठरलेली, शिंपी, चहावाला आणि समोरचा हार्डवेअरवाला. "आमचं वजन फुकटात वापरतोस लेका," असं शिंपी दर वेळी कुरकुरायचा आणि सगळ्यात आधी जाऊन बसायचा. त्या दिवशीही तो मशीनवरून उठून आला.

"बसू का?"

"नको," मिस्त्री त्याच्याकडे न बघता म्हणाला. "घरचीच गाडी आहे."

रविवारी बायको लेकीला घेऊन माहेरी गेली. दहाच्या सुमारास तिचा फोन आला.

"अहो, आम्ही मावशीकडे निघालोय, डोंगरापलीकडे. त्याच्याच गाडीतून. पुढे सामानाचा ढीग, आणि मागे आई, मी आणि आपली लेक."

मिस्त्रीला ती सोडलेली कड आठवली. 'गाडी थांबवा' एवढेच दोन शब्द बोलायचे होते. पण का, असं तिने विचारलं तर?

"हळू चालवायला सांग त्याला," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

ठेवल्याबरोबर त्याला स्वतःची किळस आली. अरे, पोटची पोर त्या सीटवर बसलीय आणि तू तोंड लपवतोस? त्याने पुन्हा फोन लावला. लागेना. मग शटर तसंच उघडं टाकून त्याने स्कूटरला किक मारली.

घाट सुरू होतो तिथल्या गतिरोधकापुढे गाडी डाव्या अंगाला कलून उभी होती. टायर वीतभर चिरलं होतं. झाडाखाली सासूबाई मांडी घालून बसल्या होत्या आणि लेकीच्या कपाळावर आलेल्या टेंगळावर बायको ओला रुमाल दाबत होती. पोर बापाला बघून हसली. त्या हसण्याने तो मेल्याहून मेल्यासारखा झाला.

मेव्हणा मडगार्डाखाली हात घालून चाचपत होता. इस्त्रीचा शर्ट काळा झाला होता. हात एका जागी थांबला. त्याने पलीकडच्या मडगार्डाखाली चाचपून पाहिलं, परत इकडे येऊन पाहिलं, आणि मग मिस्त्रीकडे मान वळवली. मिस्त्रीने नजर खाली घातली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

"काय हो जावईबापू," सासूबाईंनी विचारलं, "काम तुम्हीच केलं होतं ना?"

त्याने तोंड उघडायच्या आत मेव्हणा बोलला, "आई, त्यांना कशाला बोलतेस? मागे तिघांना बसवू नकोस, असं त्यांनी मला दहादा बजावलं होतं. मीच ऐकलं नाही."

सासूबाईंनी मुलालाच चार शिव्या हासडल्या. विषय तिथेच मिटला असता. मिस्त्री जॅक उचलायला वाकला, आणि वाकला तसाच राहिला.

"खोटं बोलतोय तो," तो म्हणाला. "मी काही बजावलं नव्हतं. ती कड मी मुद्दाम सोडली होती. याची जिरवायची म्हणून."

सासूबाईंच्या तोंडून 'अगं बाई' निघालं. मेव्हणा उगाच चाकाच्या नटांशी खटपट करत राहिला. बायकोने रुमाल लेकीच्या हातात दिला आणि ती उठून नवऱ्याजवळ आली. तिने आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं.

"त्याला कुठली आलीय हो रुंद चाकांची हौस?" ती हळूच म्हणाली. "तुम्हाला काम मिळावं आणि उपकार वाटू नयेत, म्हणून पत्रा दाबल्याशिवाय बसणारच नाहीत अशी चाकं तो महिनाभर शोधत होता."