उताराला पाठमोरी

"अशी नाही, पाठमोरी घ्या," सासूबाई म्हणाल्या. "उतारावर खुर्ची सरळ सोडलीत तर मी तोंडावर आपटेन."

जावयाने चाकांची खुर्ची वळवली. बोटीत शिरणाऱ्या प्रवाशांची रांग मागे खोळंबली होती. मदतीला बायको पुढे झाली, तशा सासूबाई कडाडल्या, "माऊ, तू बाजूला हो. ते करतील."

ते करतील. टॅक्सीतून उतरल्यापासून हेच पालुपद चाललं होतं. इतकी वर्षं आईचं सगळं मुलगीच बघत आली होती. आता ऐन सुट्टीत सासूबाईंना जावयाचे हात हवेसे झाले होते. बोटीचा हट्टही त्यांचाच. "खुर्चीवाल्या माणसाला यासारखा प्रवास नाही. सामान एकदाच लावायचं, मग खोलीच आपल्याबरोबर फिरते." दोघांनीच कुठेतरी जायचं त्याच्या मनात होतं. तिकिटं मात्र त्याने तिघांची काढली.

खोली चांगली होती. न्हाणीघराला उंबरठा नव्हता, पलंग खुर्चीच्या उंचीचा होता. तरी सासूबाईंनी त्याला टेप लावून दार मोजायला लावलंच.

"बुकिंगवाले सगळ्याला हो म्हणतात. आपण खोलीचे फोटो मागायचे, दाराचं माप मागायचं. लक्षात राहील ना?"

"तुम्ही आहात की सांगायला."

"तुम्हीच लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या.

मग रोजच शिकवणी सुरू झाली. लिफ्ट जेवणाच्या गर्दीआधी गाठायची. आग लागली तर लिफ्ट बंद पडणार, तेव्हा खुर्चीवाल्याला जिन्यावरून कोण उचलणार ते खलाशांना पहिल्याच दिवशी विचारून ठेवायचं. खुर्चीतून पलंगावर न्यायचं तेही त्यानेच. पहिल्यांदा सासूबाईंना कवेत घेताना तो कानापर्यंत लाल झाला. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, पण सूचना थांबल्या नव्हत्या.

"कमरेतून नाही, गुडघ्यांतून उठा. तुमची पाठ गेली तर सगळंच संपलं."

त्या दुपारी डेकवर चहा पिताना त्याचा बांध फुटला.

"काय छळ मांडलाय तुझ्या आईने?"

"शिकवतेय ती तुला."

"पण कशाला? तू आहेस, घरी कामाला बाई आहे. मला काही जन्मभर खुर्ची ढकलायची नाहीये."

बायकोचा कप बशीवर खडखडला, चहा सांडला.

"बोट हलतेय," ती म्हणाली.

समुद्र काचेसारखा स्वच्छ, स्थिर पडला होता. ती कठड्याला धरून उठली आणि तशीच, कठडा न सोडता, आत गेली. आपण फार बोललो, असं त्याला वाटलं. मागोमाग जाऊन त्याने माफी मागितली. "खरंच बोललास ना? मग माफी कशाला?" एवढंच ती म्हणाली.

ते वाक्य त्याला बोचत राहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्याने कुरकुर सोडली. नाटकघरात कर्मचाऱ्याने खुर्ची शेवटच्या रांगेमागे लावायला सांगितली, तर यानेच ठणकावलं, "मागून यांना पुढच्यांची डोकीच दिसतील. पुढे जागा करा." जागा झाली. नाटक संपेपर्यंत सासूबाई मधूनमधून त्याच्याकडेच बघत होत्या.

सकाळी त्यांना उन्हात बसवल्यावर त्या आपणहून बोलू लागल्या.

"माझ्या आईचे पाय असेच गेले. तिला खुर्चीसुद्धा मिळाली नाही, पलंगाला खिळूनच गेली. मग माझी पाळी. माऊ शाळेत होती तेव्हा. तिच्या बाबांना कुणी काही शिकवलं नव्हतं. त्यांच्या हातून मी पडायचे, की ते रडायचे. आणि मी जमिनीवर पडल्यापडल्या त्यांची समजूत काढायची."

जावई त्यांच्यापुढे उकिडवा बसला. "आई, मी आहे ना आता. मी कंटाळणार नाही."

"मनापासून म्हणताय?"

"अगदी मनापासून."

सासूबाईंनी त्याच्या गालावरून हात फिरवला. लग्नानंतर पहिल्यांदाच. "मग आज तुम्ही दोघं बेटावर जाऊन या."

बेटाला मोठा धक्का नव्हता. बोट आत समुद्रातच उभी राहणार होती आणि पायऱ्या उतरता येणाऱ्यांनीच छोट्या होडीत बसायचं होतं. सासूबाई डेकवरच्या आरामखुर्चीत थांबल्या.

"माझी खुर्ची घेऊन जा," त्या म्हणाल्या.

"अहो, तुम्ही इथे. मग खुर्ची कशाला?"

"न्या म्हटलं ना."

त्याने बायकोकडे पाहिलं. ती समुद्राकडे बघत होती. म्हाताऱ्या माणसाची लहर, असं म्हणून त्याने खुर्चीची घडी केली आणि खलाशाच्या हाती दिली. बायको खलाशाचा हात आणि नवऱ्याचा खांदा धरून एकेक पायरी सावकाश उतरली.

बेटावर लाकडी फलाट होता आणि पुढे गावाकडे चढत जाणारा रस्ता. त्याने खुर्ची उघडली, ब्रेक लावला.

"ठेव यात पिशव्या. आणलीच आहे तर हमाली तरी करू दे तिला."

बायकोने पिशव्या ठेवल्या नाहीत. ती स्वतःच खुर्चीत बसली. उजवा पाय तिने पायटेकावर ठेवला. डावा मात्र दोन्ही हातांनी उचलून ठेवावा लागला.

"ऊठ गं, लोक बघतायत," तो हसत म्हणाला. मग त्याचं हसणं विरलं.

"माझेही चाललेत रे पाय," ती म्हणाली. "आई म्हणते, तुला जमेल."