मागून येणारा

“पुन्हा सांगा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “डोळे मिटून. आत्ता घडतंय असं.”

सैनिकाने डोळे मिटले. ही गोष्ट त्याने या खोलीत इतक्यांदा सांगितली होती की शब्द आता आपोआप येत होते.

“सकाळ आहे. मोकळं मैदान. माती ओलसर. मी पुढे, मिठू मागे.”

मिठू त्याचा जोडीदार. तोंडाला क्षणभर विसावा नाही, म्हणून सगळी तुकडी त्याला मिठू म्हणायची. जमिनीत पुरलेले सुरुंग शोधायचे, हे दोघांचं काम. पुढचा माणूस यंत्र फिरवत, कान देऊन, एकेक पाऊल टाकतो. मागच्याने बरोबर त्याच ठशावर पाऊल ठेवायचं. पुढच्याचं सगळं लक्ष जमिनीवर, त्याला मागे वळता येत नाही. म्हणून मागच्याने प्रत्येक पावलाला ‘आलो’ म्हणायचं. तो आवाज येतोय तोवर सगळं ठीक.

“मिठू काय म्हणतोय?”

“म्हणतोय, ‘बायकोच्या मागेसुद्धा मी इतका मुकाट चालत नाही रे.’ मी म्हणतो, मुकाट कुठे, बडबड तर चालूच आहे. मग तो म्हणतो, आलो. मी पुढचं पाऊल टाकतो. तो म्हणतो, आलो. मी पुढचं पाऊल टाकतो…”

“हं.”

“मग त्याचा पाय तपासलेल्या पट्टीबाहेर पडला. त्याचं चुकलं.”

त्याने डोळे उघडले. नेहमी इथेच उघडायचा.

खिडकीतून बाहेरच्या व्हरांड्यातला ओटा दिसत होता. तिथे त्याची बायको बसली होती आणि शेजारी सहा वर्षांची मुलगी. मुलीचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. पुढच्या आठवड्यात त्या दोघी मुलीच्या मामाकडे राहायला जाणार होत्या. बायकोने भांडण केलं नव्हतं. एवढंच म्हणाली होती, “तिथं काय झालं ते मला सांगू नकोस. पण त्या बाईंना तरी खरं सांग. नाहीतर मला तिला इथे ठेवता येणार नाही.”

“आज मैदान राहू दे,” बाई म्हणाल्या. “तिचा हात कसा मोडला, ते सांगा.”

त्याने खिडकीकडे पाहिलं.

“आंघोळ करून बाहेर आलो. फरशीवर ओली पावलं उमटत होती. ही त्यांच्यावर पाय ठेवत मागून येत होती. मला माहीतच नव्हतं. एकदम म्हणाली, ‘बाबा, आले बघ.’ मी वळलो आणि तिला ओढून बाजूला फेकलं. भिंतीवर आपटली.”

“चुकीच्या जागी पाय ठेवत होती का ती?”

“नाही.”

“मग कुठे?”

“माझ्याच पावलांवर.”

हे बोलला आणि त्याचा चेहरा उतरला. बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. त्याने तो उचलला नाही.

“मिठूचा पायसुद्धा,” तो म्हणाला. “पट्टीबाहेर पडलाच नव्हता. मी नंतर खड्डा पाहिला. माझं पाऊल जिथे होतं तिथेच. जुना, गंजलेला सुरुंग होता. यंत्र बोललं नाही. माझ्या वजनाने नुसता दबला, त्याच्या वजनाने उडाला. तो ‘आलो’ म्हणत होता. अर्धाच म्हणाला.”

“आणि त्याचं चुकलं, असं सगळ्यांना सांगितलंत.”

“त्याच्या वडिलांनासुद्धा. त्यांनी मान हलवली. म्हणाले, ‘धांदरटच होता पहिल्यापासून.’” त्याचा आवाज फाटला. “तो अजिबात धांदरट नव्हता, बाई. त्याचं चुकलं असतं तर बरं झालं असतं. नीट चालणारा तरी वाचतो, असं म्हणता आलं असतं.”

तो उठला. “वडिलांना सांगायला हवं.”

“सांगा. आधी बाहेर जा. तुमची वाट बघतायत.”

बाहेरचा लांब व्हरांडा नुकताच पुसला होता. ओल्या फरशीवर त्याच्या बुटांचे ठसे उमटले. मुलगी ओट्यावरून उतरली, आणि ते ठसे बघून जागीच थबकली. आईने तिला बजावून ठेवलं होतं, बाबाच्या मागून चालायचं नाही. फाटक व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला होतं. तो वाटेत उभा राहिला. त्याला ‘चल’ म्हणायचं होतं, पण जीभ उचलेना.

मुलीने थोडा विचार केला. मग भिंतीला चिकटून, त्याच्या एकाही ठशावर पाय न देता, ती त्याला वळसा घालून पुढे गेली.

“मग मी पुढे होते,” ती म्हणाली. “तू माझ्या मागून ये. बरोबर माझ्या पावलावर हं.”

ती चालू लागली. इवलेइवले ठसे. तो पहिल्या ठशाकडे बघत राहिला. बायको उठून उभी राहिली होती. तिने हाक मारली नाही.

मुलगी थांबली. मागे वळून न बघताच तिने विचारलं, “बाबा?”

त्याने आपला बूट त्या छोट्या ठशावर ठेवला.

“आलो,” तो म्हणाला.