बाबांचा प्लॅन बी

“लग्नानंतर नोकरी सोडायची, हे आधी कबूल करा. मगच मंगलाष्टकं,” अंतरपाट धरला तशी माझी होणारी सासू म्हणाली. गुरुजी थांबले. लोकांच्या अक्षता मुठीतच राहिल्या.

बाबा घामाघूम झाले. ‘प्लॅन बी’ हा शब्द त्यांनी माझ्याकडून उचलला होता आणि महिनाभर जिथे तिथे वापरला होता. वीज गेली तर जनरेटर, आचारी आला नाही तर काकू. याला मात्र काहीच तयार नव्हतं.

अंतरपाटाखालून मला नवऱ्या मुलाचे पाय दिसत होते. ते जागचे हलले नाहीत. मी बाबांकडे बघून मानेनेच नाही म्हटलं.

त्यांनी माझ्या मुंडावळ्या सोडल्या.

“पंगत वाढा!” ते ओरडले. “व्याही, जेवूनच जा. पोरगी आमच्याबरोबर घरी येतेय. प्लॅन बी.”