आतली कडी

दुकानदाराने हातभर लांब स्क्रूड्रायव्हर पुढे केला.

"एवढा नको. कपाटात बसून चालवायचाय, हात वळायला जागा नाही."

त्याने मुठीत मावेल असा बॅटरीवरचा काढला. "आत काय बसवायचंय?"

"कडी."

"कपाटाला आतून कडी? कपडे स्वतःला कोंडून घेतात की काय?"

ती कसनुसं हसली.

घरी येऊन तिने अंग चोरून कपाटात बसत कडी पक्की केली. मग आई आत शिरली, कडी लावली.

"आता ओढ बाहेरून. जोरात, ह्यांच्यासारखं."

तिने जीव खाऊन ओढलं. दार हललं नाही.

"चला, आता झोप लागेल मला," आतून आई म्हणाली.

बाबांना जाऊन वर्षं लोटली होती. हे घर तर त्यांनी पाहिलंही नव्हतं.